प्रोपेलर बॅलन्सरवर शांत, इंजिनावर थरथरतो

फर्मागुडीचा_मेकॅनिकल:
प्रोजेक्टसाठी ३५ सीसी टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाचं मॉडेल विमान केलंय. लाकडी प्रोपेलर, २० बाय ८ (व्यास २० इंच; पिच, म्हणजे एका फेऱ्यातली पुढची चाल, ८ इंच). मॅग्नेटिक बॅलन्सरवर (तोल तपासायच्या चुंबकी स्टँडवर) आडवा ठेवला की जागचा हलत नाही. पण ६००० आरपीएमला कॅमेऱ्याचं चित्र लपलपतं, सर्वोचे (विमान वळवणाऱ्या छोट्या मोटरींचे) स्क्रू सैल होतात. फोनच्या कंप मोजायच्या ॲपवर मात्र काहीच दिसत नाही. कुठे बघू?

म्हापसेकर:
हलक्या पात्याला टेप चिकटव नि मोकळा हो.

वास्को_निवृत्त:
टेप राहू दे. दाबोळीला आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावर अर्धी हयात प्रोपेलरांत गेली, म्हणून सांगतो.

फोनचं सोड. ६००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १०० फेरे. पुष्कळ फोनचा सेन्सर सेकंदाला शंभरेक वेळाच माप घेतो, त्याला त्याच्या निम्म्या, म्हणजे ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० कंपांच्या) वरचं धड कळत नाही. मोठ्या विमानाला आम्ही इंजिनाच्या पुढच्या टोकाला ॲक्सेलेरोमीटर, म्हणजे कंप टिपणारा सेन्सर, लावायचो, पात्यावर चमकती पट्टी. पट्टीवरून कळतं जड बाजू कुठल्या कोनात आहे. मग ठरलेलं वजन लावून पुन्हा रन, आणि फरकावरून हिशेब. कंप इंच प्रति सेकंदात मोजतात, ०.२ च्या वर गेला की हात घालायचा, ०.०७ च्या खाली आणला की चहा.

तुझ्याकडे यंत्र नाही, तर असं कर. प्रोपेलर इंजिनाच्या दांड्यावर १८० अंश फिरवून बसव. थरथर बदलली तर दोष प्रोपेलरचा किंवा त्याच्या बसण्याचा. जशीच्या तशी राहिली तर ती एका सिलिंडरच्या पिस्टनची. ती कितीही वजनं लावलीस तरी जायची नाही, रबरी माउंटच हवेत.

आणि बॅलन्सरवर पाती उभी ठेवून पाहिलीस का? आडव्यात पात्यांचा तोल कळतो, उभ्यात हबच्या (प्रोपेलरच्या मधल्या जाड भागाच्या) डाव्या-उजव्या बाजूंचा. पोरं हेच विसरतात.

प्रोपेलरचं मधलं भोकही तपास. बॅलन्सरचा शंकू प्रोपेलर मधोमध धरतो, इंजिनाचे बोल्ट धरतीलच असं नाही. ९० ग्रॅमचा प्रोपेलर अर्धा मिलिमीटर सरकला तर ६००० ला पावणेदोन किलोच्या वर ओढ बसते, तीही दर फेऱ्याला दिशा बदलत.

फर्मागुडीचा_मेकॅनिकल:
काका, उभा ठेवला तर लगेच डावीकडे कलला! हब घासू का?

वास्को_निवृत्त:
हब घासू नको, बोल्टांचा सगळा ताण तिथेच असतो. हबच्या हलक्या बाजूला इपॉक्सीचा थेंब दे, सुकू दे, परत बघ. मग आडवा तोलही पुन्हा तपास. आणि पावसाळ्यात विमान ठेवताना पाती आडवी ठेव. उभी राहिली तर ओल खालच्या पात्यात उतरते आणि केलेला तोल जातो. इंजिन चालू करताना पात्यांच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, म्हापसेकरांनीसुद्धा.

म्हापसेकर:
मी टेप घेऊन मागे उभा राहतो.