चर्चमधलं वादनाचं काम सोडावं का?

रविवारची_पेटी
चर्चच्या मराठी मंडळीत कीबोर्ड वाजवतो आणि क्वायर (गायकवृंद) बसवतो. मानधन महिना ४,००० रुपये. रविवारची भक्ती (उपासना) सकाळी साडेआठला, शनिवारी दोन तास प्रॅक्टिस. आता कमिटीने तरुणांसाठी रविवारी संध्याकाळची भक्तीही सुरू केली आहे, पण मानधन तेवढंच. गीतांची यादी शनिवारी रात्री व्हॉट्सॲपवर येते. सोडावं का? सोडायचं तर कधी आणि कसं?

काळी_चार
आधी तास मांडा. रविवार सकाळ साडेतीन तास (साऊंड लावणं धरून), प्रॅक्टिस दोन, घरी गीतं बसवायला दोन. आठवड्याचे साडेसात, महिन्याचे साधारण साडेबत्तीस. म्हणजे तासाला सव्वाशे रुपयेही पडत नाहीत. संध्याकाळचे तीन तास धरले की दर नव्वदीच्या खाली येतो. यात लग्नं, अंत्यविधी आणि गुड फ्रायडेची, ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची लांबलचक भक्ती धरलेली नाही. हा हिशोब कागदावर कमिटीपुढे ठेवा, पण वार्षिक अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी. मधेच मागितलंत तर 'यंदा तरतूद नाही' हे उत्तर ठरलेलं.

तबला_डग्गा
पैशापेक्षा मला यादीची तक्रार मोठी वाटते, आणि ती सोडवता येण्यासारखी आहे. तबला काळी एक पट्टीला (पट्टी म्हणजे गाण्याचा मूळ सूर) लावलेला आणि ऐनवेळी गीत आलं पांढरी चारचं, तर तबलजीने करायचं काय? हातोडीने अर्धा-एक सूर वरखाली होतो. त्यापुढे चढवला तर पुडी (तबल्याचं कातडं) फाटायची भीती, उतरवला तर बोल बसका येतो. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं (पट्टी बदलायचं) बटण दाबून मोकळा होतो, तबलजी अडकतो. पर्याय दोनच: दुसऱ्या पट्टीचा तबला जवळ ठेवणं किंवा यादी बुधवारपर्यंत मिळवणं. पाळकसाहेबांचा (पास्टरांचा) संदेश शनिवारपर्यंत तयार नसेल, तर निदान त्या रविवारचे शास्त्रपाठ (बायबलमधले उतारे) मागून घ्या. त्यावरून सहापैकी चार गीतं तुम्हीच सुचवा, दोन त्यांच्यासाठी मोकळी ठेवा. महिनाभर हे चालवून बघा. गीतं निवडण्यात वादकाचा काही संबंधच नाही असं स्पष्ट सांगितलं गेलं, तर मात्र राहण्यात अर्थ नाही. मानधन दुप्पट झालं तरी तो त्रास तसाच राहतो.

पायपेटी
सोडायचंच ठरलं तर वेळ महत्त्वाची. ऑक्टोबरपासून नाताळची कॅरल बसवायला घेतात, तेव्हा नको. लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) सुरू झाल्यावरही नको. २०२७ चा ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे लेंट सुरू होतो तो राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला. जानेवारीत पत्र द्या, एप्रिलचा शेवटचा रविवार धरा. मे महिन्यात निम्मी क्वायर गावी असते, नव्या माणसाला रुळायला तो काळ बरा. आधी पाळकसाहेबांना भेटून सांगा, मग सेक्रेटरीला पत्र द्या. त्यात शेवटची तारीख, थकलेलं मानधन आणि परत करायच्या किल्ल्या एवढंच लिहा. कारणांची यादी नको. ते पत्र मीटिंगमध्ये मोठ्याने वाचलं जातं.

आणि एक वही करून ठेवा: 'उपासनासंगीता'तला (मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकातला) गीतक्रमांक, पट्टी, ताल, कोणती कडवी गाळतात. एकाच गीताची इंग्रजी चालही असते आणि देशीही. आपली मंडळी कुठली म्हणते ते लिहाच. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या पदांना ध्रुपद कुठे दोनदा घेतात याचीही खूण हवी. नवा वादक सगळ्यात आधी तिथेच चुकतो. कीबोर्डमध्ये साठवलेल्या स्टाइल्स पेनड्राइव्हवर काढून द्या. मायक्रोफोन, स्टँड, अडॅप्टर यांतलं तुमचं काय आणि चर्चचं काय, ते सेक्रेटरीसमोर ठरवून सही घ्या.

काळी_चार
मधला मार्गही आहे: संध्याकाळ सोडा, सकाळ आणि क्वायर ठेवा. तरुणांत गिटारवाले असतातच. मात्र 'तात्पुरतं बघून घेतो' असं म्हणू नका, ते तात्पुरतं वर्षभर चालतं. आणि पूर्ण सोडून त्याच मंडळीत राहणार असाल, तर पहिले काही महिने मागच्या बाकावर बसा. नवा वादक पट्टी चुकला की लोक वळून तुमच्याकडे बघतात, त्यालाही ते दिसतं.