मदत हवी आहे: नव्या मालिकेच्या पहिल्या भागात संवादच कळत नाहीत

रामबाग_इंदूर:
काल पहिला भाग लावला. कोर्टाचा प्रसंग सोडला तर एकही संवाद धड ऐकू आला नाही. आवाज वाढवला की पार्श्वसंगीत अंगावर येतं, कमी केला की सगळे पुटपुटतात. शिवाय चित्र दुपारच्या सासू-सुनेच्या मालिकेसारखं गुळगुळीत दिसतंय. उद्या रात्री घरी सगळे बघायला येणार आहेत. काय बदलायचं ते लवकर सांगा.

दांडियाबाजार:
टीव्ही कुठला? ॲप टीव्हीतलंच की वेगळी स्टिक? साउंडबार आहे का?

लष्करवाला:
टीव्हीला काही झालेलं नाही. हल्लीचे नट ओठांतल्या ओठांत बोलतात. सानंद संस्थेच्या एखाद्या नाटकाच्या प्रयोगाला जाऊन बसा, शेवटच्या रांगेत शब्द न् शब्द पोचतो. इथे सबटायटल लावा आणि मोकळे व्हा.

दांडियाबाजार:
नाटकातला नट शेवटच्या रांगेसाठी बोलतो, इथे माइक कपड्यांत छातीपाशी असतो. तुलनाच चुकीची आहे. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी चेहरे बघायचे की खालच्या ओळी वाचायच्या? रामबाग, मोबाइलवर हेडफोन लावून तोच प्रसंग ऐका.

रामबाग_इंदूर:
मोबाइलवर स्वच्छ ऐकू येतं. टीव्ही साधाच आहे, ५५ इंची. साउंडबार २.१ आहे, म्हणजे डावा-उजवा स्पीकर आणि एक वूफर.

दांडियाबाजार:
मग उलगडलं. मालिकेचा ध्वनी ५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एका वूफरसाठी येतोय. त्यात संवाद जवळजवळ सगळे मधल्या, म्हणजे सेंटर चॅनेलमध्ये असतात आणि तुमच्या बारला मधला स्पीकरच नाही. मग सेंटरचा आवाज साधारण ३ डेसिबल उतरवून डाव्या-उजव्यात घातला जातो. त्याच दोन स्पीकरांतून संगीतही येतं, संवाद त्यात बुडतात.
भाग चालू असताना ॲपचा ऑडिओ मेनू उघडा. ५.१ आणि स्टिरिओ असे दोन पर्याय दिसले तर स्टिरिओ घ्या, ते मिश्रण दोनच स्पीकरांसाठी केलेलं असतं. नसेल तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ (साधा दोन चॅनेलचा आवाज) करून बघा. बारवर सराउंड बंद, व्हॉइस किंवा डायलॉग मोड चालू, वूफर दोन-तीन पायऱ्या खाली. नाइट मोड असेल तर तोही लावा, मोठे आवाज दबतात आणि हळू बोलणं वर येतं. आणि कूलर बारच्या शेजारी नको, हळू बोलणं आधी त्याच्याच आवाजाखाली जातं.

सुदामानगर:
एवढा खटाटोप कशाला? सरळ ५.१ चा संच घ्या.

दांडियाबाजार:
उद्या रात्रीपर्यंत? आणि मागचे स्पीकर लावायला जागा आहे का, हे तरी विचारा.

लष्करवाला:
चित्राचं कोणी बोलतच नाहीये. मालिका सेकंदाला २४ किंवा २५ फ्रेमची असते, मधल्या फ्रेम टीव्ही अंदाजाने बनवून घुसडतो. कोणी झटकन हात हलवला की बोटांभोवती पाण्यासारखं थरथरतं ना? तेच ते. एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी या नावाखाली सापडेल. ते बंद करा. फिल्ममेकर मोड असेल तर तो लावला की आपोआप बंद होतं. पण सेटिंग भाग चालू ठेवूनच बदला. मालिका एचडीआरमध्ये (जास्त उजळ-गडद छटांचं चित्र) असेल तर त्याची सेटिंगं बहुतेक टीव्हींत वेगळी साठवतात, डिशच्या चॅनेलवर बदललेलं इथे लागू होत नाही.

पोहेजिलेबी:
पहिल्या भागावरून मत बनवू नका. अमेरिकेत चॅनेलला पसंत पडावा म्हणून पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग, आधी एकटाच बनायचा, त्यामुळे सगळं त्यातच भरावं लागे. ओटीटीवर बहुतेकदा अख्खा सीझन एकदम ठरतो, म्हणून पहिला भाग संथ असतो. तीन भाग तरी बघा.

सुदामानगर:
संथ? पहिल्या दहा मिनिटांत आठ पात्रं येतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याला त्याचंच नातं समजावून सांगतो. “तू माझा सख्खा भाऊ आहेस” असं भावाला कोण म्हणतं?

रामबाग_इंदूर:
कथेचं नंतर बोलू. स्टिरिओचा पर्याय नव्हता, पीसीएम आणि व्हॉइस मोडने शब्द कळायला लागले. गुळगुळीतपणाही गेला. पण आता ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

दांडियाबाजार:
आवाज आधी येतोय की मागून? आधी येत असेल तर टीव्हीच्या किंवा बारच्या सेटिंगमध्ये ऑडिओ डिले १०-२० मिलिसेकंदांनी वाढवत जा. मागून येत असेल तर डिले शून्यावर आणा. बार ब्लूटूथवर आहे का? असेल तर टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टला (त्यातून टीव्हीचा आवाज बारकडे जातो) तारेने जोडा.

रामबाग_इंदूर:
हो, ब्लूटूथवरच आहे. तार सोबत आली नव्हती.

दांडियाबाजार:
हे आधी सांगायचं ना! ब्लूटूथमुळेच आवाज मागे पडतोय. उद्या सकाळीच राजवाड्याकडून दीड मीटरची एचडीएमआय तार आणा, साधी चालेल. जोडल्यावर टीव्हीत सीईसी (टीव्ही आणि बारने एचडीएमआयवरून एकमेकांना आज्ञा देण्याची सोय) चालू करा आणि डिले शून्य ठेवा.