मारुती ८०० (१९९७, कार्बोरेटर): ऑइलचा दिवा लागतोय आणि इंजिन ठोकतंय, इंजिन काम काढावंच लागेल का?

वाईकर_८००

नमस्कार मंडळी. वडिलांची १९९७ ची ८०० आहे, कार्बोरेटरवाली. रोज वापरात नाही पण अधूनमधून वाई-पाचगणी होतं. हल्ली गाडी गरम झाली की आयडलला ऑइलचा लाल दिवा मिचमिच करतो, जरा रेस दिली की जातो, थंड असताना काहीच नाही. परवा पसरणी घाट चढताना खालून टक टक टक असा जड आवाज सुरू झाला, वर सपाटीला आल्यावर कमी झाला पण पूर्ण गेला नाही. डिपस्टिक बघितली तर ऑइल कमी नाहीये, उलट वरच्या खुणेच्याही वर आहे, आणि मी मधे थेंबभर पण टाकलेलं नाही. अ‍ॅव्हरेज पण पडलंय.

इथल्या मेकॅनिकने नुसता कान लावला आणि म्हणाला रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) गेला, इंजिन उतरवा, क्रँक बेअरिंग पिस्टन रिंगा सगळं करायला लागेल. आकडा ऐकून वडील म्हणतायत भंगारात घाल. दुसऱ्या एकाने सांगितलं नुसता ऑइल प्रेशरचा स्विच बदल, दिवा जाईल. कोणाचं ऐकू?

सरळपाना

दोघांचं पण नको. पहिलं म्हणजे गाडी जिथे आहे तिथे उभी कर, "जरा गॅरेजपर्यंत नेतो" असं पण नको, टो करून ने.

स्विच खराब असू शकतो पण आवाज येतोय म्हणजे निव्वळ स्विचचं प्रकरण नाही. आणि त्या दिव्यावर तसाही फार विश्वास ठेवू नये, तो साधारण पाव-अर्धा किलो (दर चौरस सेंटीमीटरला) प्रेशरला विझतो, म्हणजे दिवा बंद आहे याचा अर्थ प्रेशर चांगलं आहे असा होत नाही, फक्त अगदीच शून्य नाही एवढंच. स्विच काढ आणि त्याच जागी मेकॅनिकल गेज लाव. थ्रेड एक अष्टमांश इंची पाइपचा असतो, गॅरेजवाल्याकडे गेज नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात शून्य ते सात किलोचं गेज मिळतं, अ‍ॅडॉप्टर आणि ऑइल-गरमी सहन करणारी नळी लावून जोड, साधी प्लास्टिकची नळी लावशील तर गरम ऑइल अंगावर येईल. गाडी नीट गरम करून आयडलचं आणि अडीच हजार आरपीएमचं असं दोन्ही रीडिंग इथे टाक. ८०० ला आरपीएमचा काटा नाही माहितीये, ट्यूनिंगवाल्याकडचं मीटर लाव नाहीतर अंदाजाने धर.

घाटरस्ता

एवढं कशाला करताय राव, २०डब्ल्यू-५० टाका जाड ऑइल, सोबत ती दाट करणारी बाटली मिळते ती ओता. आमच्या ओम्नीला असंच व्हायचं, दिवा लागायचा बंद झाला आणि नंतर बरेच दिवस चालली.

उद्यमनगरी

घाटरस्ता भाऊ, बरेच दिवस चालली आणि मग काय झालं ते पण सांगा की 😄 जाड ऑइलने गेजचा काटा वर जातो हे खरं, पण बेअरिंगची झिजलेली फट तेवढीच राहते. विकायच्या गाडीला करतात हा उद्योग, ठेवायच्या गाडीला नाही.

मी कोल्हापुरात मशीन शॉपला आहे, क्रँक ग्राइंडिंगचंच काम रोजचं. वाईकर, तुम्ही लिहिलेल्यात मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आवाज नाही वाटली, ऑइल न टाकता लेव्हल वाढली ही वाटली. ऑइल आपोआप वाढत नसतं. एकतर पाणी शिरतंय नाहीतर पेट्रोल. पाणी असतं तर ऑइल दुधाळ झालं असतं आणि रेडिएटरचं पाणी कमी झालं असतं. अ‍ॅव्हरेज पडलंय म्हणजे माझा संशय पेट्रोलवर. कार्बोरेटरवाल्या ८०० ला कॅमवर चालणारा मेकॅनिकल फ्युएल पंप असतो, त्याचा डायफ्राम फाटला की पेट्रोल बाहेर गळतं किंवा आत इंजिनात उतरतं, आणि आत उतरलं तर बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. कार्बोरेटरची नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) नीट बसत नसेल तरी तेच होतं, जास्तीचं पेट्रोल रिंगांवरून खाली चेंबरमध्ये (ऑइल साठतं तो इंजिनच्या तळाचा डबा). डिपस्टिकचा वास घ्या. एक थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर टाकून ठेवा, काळ्या डागाभोवती फिकट रुंद कडं पसरलं तर पेट्रोल आहे असं समजायला हरकत नाही. काडी पेटवून बघा असं कोणी सांगेल, ते मात्र करू नका.

पातळ झालेलं ऑइल बेअरिंगमध्ये टिकत नाही, त्यामुळे गरम झाल्यावर आयडलला प्रेशर पडतं, आणि तसंच घाटात लोड दिलं की बेअरिंग खाल्लं जातं. म्हणजे बेअरिंग गेलं म्हणून प्रेशर गेलं की प्रेशर गेलं म्हणून बेअरिंग गेलं, हे आधी ठरवायला पाहिजे, नाहीतर अख्खं इंजिन काम करून फ्युएल पंप जुनाच ठेवलात तर नवीन बेअरिंगं पण तशीच जातील. असं काम माझ्याकडे परत आलेलं आहे, आणि शिव्या ग्राइंडिंगवाल्याला पडतात.

आवाजाचं म्हणाल तर टॅपेटचा आवाज वरून येतो, बारीक असतो आणि इंजिनच्या अर्ध्या वेगाने येतो. पिस्टनचा आवाज थंडीत जास्त, गरम झाल्यावर कमी. उंच गिअरमध्ये जोर दिल्यावर खणखण खडे हलवल्यासारखं वाजलं तर ते टायमिंग पुढे असल्यामुळे किंवा कार्बन साठल्यामुळे, त्याचा ऑइलशी संबंध नाही. रॉडचा ठोका जड, खालून, आणि रेस धरून हळूच सोडली की स्पष्ट ऐकू येतो. आयडलला एकेका सिलिंडरची प्लगची कॅप काढून बघा, ज्या नंबरला आवाज मवाळ होतो तो रॉड. काढलेली कॅप मोकळी लोंबकळत ठेवू नका, जुना प्लग घालून बॉडीला अर्थ करा, नाहीतर कॉइल जाते. आणि हे पटकन उरकायचं, ठोकणारं इंजिन अर्धा तास चालू ठेवायचं नाही.

वाईकर_८००

सगळ्यांचे आभार. डिपस्टिकला चक्क पेट्रोलचा वास! इतके दिवस मी फक्त लेव्हल बघून खूश होत होतो की ऑइल खात नाही गाडी. कागदावर कडं पण आलं. पंप काढला, हाताने लिव्हर दाबल्यावर मागून पेट्रोल.

गेजचं रीडिंग: जुन्या ऑइलवर गरम आयडलला जेमतेम पाव किलो, अडीच हजाराला दीड. मग पंप नवीन टाकला, ऑइल २०डब्ल्यू-४० आणि फिल्टर बदलला, आता गरम आयडलला एक किलो, अडीच हजाराला तीनच्या आसपास. दिवा गेला. पण ठोका आहेच, दोन नंबरची कॅप काढली की कमी होतो.

उद्यमनगरी

म्हणजे चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. ऑइल पंप आणि रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारा) ठीक आहेत, नाहीतर ऑइल बदलून एवढं सुधारलं नसतं. आयडलला बरं आणि रेस वाढवल्यावर प्रेशर पडतं असं झालं असतं तर मी म्हटलं असतं स्ट्रेनर (ऑइल पंपाची जाळी) चोंदलाय, तुमचं उलट आहे. सगळी मेन बेअरिंग (क्रँक ज्यात फिरतो ती) गेली असती तर नवीन ऑइलवर पण आयडलला एक किलो राहिलं नसतं.

आता इंजिन न उतरवता फक्त चेंबर खोला. एक्झॉस्टचा पुढचा पाइप आडवा आला तर सोडवा. दोन नंबरच्या रॉडची खालची कॅप काढून बेअरिंग बघा, आणि क्रँकचा जर्नल (बेअरिंग बसतं तो गोल भाग) मायक्रोमीटरने दोन-तीन बाजूंनी मोजा, नुसतं बोट फिरवून "गुळगुळीत आहे साहेब" हे चालणार नाही. गोल असेल आणि ओरखडे नसतील तर स्टँडर्ड बेअरिंग टाकून काम होईल. लंबगोल झाला असेल तर मात्र क्रँक काढून ग्राइंडिंग आणि ०.२५ मिमी अंडरसाइज बेअरिंग, तिथे इलाज नाही. कॅपा ज्या रॉडच्या त्या रॉडलाच आणि त्याच दिशेने, बोल्ट टॉर्क रेंचनेच.

वाईकर_८००

चेंबर खोलला. दोन नंबरच्या वरच्या बेअरिंगचा थर जाऊन आतला तांब्याचा रंग दिसतोय, एक आणि तीन फक्त मळकट झालीत. स्ट्रेनरच्या जाळीत मागे कोणीतरी गॅस्केटला भरपूर लावलेल्या सिलिकॉनचे तुकडे पण निघाले. जर्नल साताऱ्यात मोजून घेतला, मापात आहे. तिन्ही रॉडची बेअरिंग स्टँडर्ड मागवली. मेन बेअरिंग पण आत्ताच टाकून घेऊ का, का उगाच खर्च?

सरळपाना

मेनला हात लावू नको, त्याला इंजिन उतरवायला लागेल आणि प्रेशर तर आलंय. त्यापेक्षा क्रँकचं पुढचं ऑइल सील गळतंय का बघ, टायमिंग बेल्ट किती जुना आहे ते बघ. आणि चेंबर बसवताना सिलिकॉन बारीक एक रेघ, आतल्या बाजूला ओघळ नको.

उद्यमनगरी

+१. कार्बोरेटरची नीडल पण तपासून घ्या, फ्युएल पंप नवीन टाकल्यावर पेट्रोलचं प्रेशर वाढून तिथून ओव्हरफ्लो झालं तर परत तेच. आणि पहिलं ऑइल लवकर काढा, पाचशे किलोमीटरला वगैरे, आत अजून बेअरिंगचा चुरा असणार.