तालुक्यातल्या न्यूज पोर्टलसाठी सरकारकडे नेमकं काय मागावं?

माणदेशी वार्ताहर:
नमस्कार. दहिवडीत नऊ वर्षं दैनिकाचा वार्ताहर होतो, दोन वर्षांपासून स्वतःचं पोर्टल चालवतोय. टँकरच्या खेपा, चारा छावण्या, ग्रामसभा याच बातम्या. वर्षाला ३०० रुपये वर्गणी देणारे ४१२ वाचक आहेत. सरकारी जाहिराती मिळाव्यात म्हणून केंद्राच्या डिजिटल जाहिरात धोरणात बसायला महिन्याला किमान अडीच लाख वाचक लागतात. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या माण तालुक्याची लोकसंख्याच सव्वादोन लाख होती! ही अट शिथिल करा, असं निवेदन आम्ही काही जण देणार आहोत. आणखी काय मागावं?

जुना उपसंपादक:
अट शिथिल होईलही, पण जाहिरात कुणाला द्यायची हे कोण ठरवणार? मी जिल्हा आवृत्तीत असताना एका कार्यालयाविरुद्ध बातमी लागली. पुढचे तीन महिने त्यांची एकही निविदा नोटीस आमच्याकडे आली नाही. कुणाचा फोन नाही, धमकी नाही. त्यानंतरची बातमी आम्हीच आतल्या पानावर चार ओळींत उरकली. ते मला अजून टोचतं.

करसल्लागार, सातारा:
छापील वर्तमानपत्रावर जीएसटी शून्य आणि तीच बातमी वर्गणी घेऊन वेबसाइटवर दिली की १८ टक्के. तुमची उलाढाल २० लाखांच्या आत, म्हणून आज नोंदणी लागत नाही. वाढलात की झळ बसेल. नॉर्वेने २०१६ मध्ये डिजिटल बातम्यांनाही छापील अंकासारखी करमाफी दिली. तेच मागा. करमाफीला कुठल्या साहेबाची मर्जी लागत नाही.

माणदेशी वार्ताहर:
उपसंपादक, तुमचं वाचून रात्री झोप नीट लागली नाही. आणखी एक अडचण सांगतो. टँकरच्या लॉगबुकची प्रत माहिती अधिकारात मागितली होती. गेल्या आठवड्यात 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार आला. चालकाचं नाव झाका म्हटलं, मला फक्त खेपा हव्यात.

अपीलवाला:
डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१) मधल्या वैयक्तिक माहितीच्या तरतुदीतला जनहिताचा अपवाद काढला. पण ८(२) शाबूत आहे, म्हणजे जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, त्यावर बोट ठेवा. नाव वगळून बाकीची माहिती द्यायची सोय कलम १० मध्ये आहे. नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करा.

माणदेशी वार्ताहर:
उद्याच टाकतो. जाहिरातीच्या मागणीवर आमचं अजून एकमत नाही. पण निवेदनात पहिली मागणी आता ही: कुणी न मागता माहिती जाहीर करायला सांगणाऱ्या कलम ४ प्रमाणे टँकरच्या खेपा गावनिहाय, रोजच्या रोज वेबसाइटवर टाका.