तापात जेवण तोडू नका, माडगं द्या

कुणीतरी लिहिलंय, व्हायरल तापात जेवण बंद ठेवून नुसता काढा आणि लिंबूपाणी द्यावं. मला हे अजिबात पटत नाही, म्हाताऱ्या माणसांसाठी तर नाहीच. ताप १ अंश सेल्सिअसने चढला की शरीराचा ऊर्जाखर्च साधारण १० टक्क्यांनी वाढतो. जंतूंशी लढणारी अँटीबॉडी ही प्रथिनंच; खाण्यातून मिळाली नाहीत तर शरीर स्नायू मोडून गरज भागवतं.

आमच्या खानापूरकडे पावसाळ्यात घरोघरी खोकला. आई तेव्हा हुलग्याचं (कुळथाचं) माडगं करायची, पातळ, गरम, जिरं-लसूण घालून. तोंडाला चव नसली तरी वाटीभर जायचंच. हुलगे-नाचणीतल्या तंतूंपासून आतड्यातले जिवाणू ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात, ती दाह आवरायला मदत करतात. पण हे रोजच्या खाण्याचं फळ, ताप आल्यावर दोन दिवसांत मिळत नाही.

लिंबातल्या क जीवनसत्त्वाचंही तेच. कॉक्रेन ही संस्था अनेक वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासते; तिच्या २०१३ च्या आढाव्यात रोज क जीवनसत्त्व घेणाऱ्या प्रौढांची सर्दी सुमारे ८ टक्के कमी काळ टिकली. सर्दी झाल्यावर सुरू करणाऱ्यांना ठोस फायदा दिसला नाही.

आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, कळकळीने सांगते.