मनिलात राहून नुसत्या इंग्रजीवर भागवणं बरोबर आहे का?

क्वेझॉनसिटीकर:
इथे नोकरीला येणारे आपले लोक सर्रास म्हणतात की इथे सगळ्यांना इंग्रजी येतं, कशाला डोकं शिणवायचं. मला हे अजिबात पटत नाही. जीपनीत, म्हणजे इथल्या जीपसारख्या शेअर गाडीत, बसून बघा. दोन लांब बाक समोरासमोर, कंडक्टर बहुतेकदा नसतोच, मागे बसलेला 'बायाद पो' म्हणत पैसे पुढे करतो, ते हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुट्टे पैसे त्याच वाटेने परत येतात, अनोळखी माणसं मध्ये हात पुढे करतात आणि कुणाला त्यात विशेष वाटत नाही. उतरायचं तर 'पारा पो'. तो 'पो' म्हणजे आपल्या अहोजाहोचं काम करणारा शब्द, इंग्रजीत तो येतच नाही. दोन वर्षं राहून 'पो' म्हणायला शिकलो नाही तर आपण इथे नुसते भाडेकरूच.

दुबई_वॉर्ड:
असहमत. मी सहा वर्षं फिलिपिनो नर्सेसबरोबर काम करतोय, हँडओव्हर, औषधं, सगळं इंग्रजीत होतं आणि व्यवस्थित होतं. १९८७ च्या राज्यघटनेत फिलिपिनोबरोबर इंग्रजीही अधिकृत भाषा आहे, ती काही तिथे परकी नाही. ते लोक आपसात बोलतात तेही अर्धं टागालॉग, म्हणजे मनिलाकडची भाषा, आणि अर्धं इंग्रजी. आणि क्रियापदं बघा हो, कुमाइन म्हणजे खाल्लं, कुमाकाइन म्हणजे खातोय, काकाइन म्हणजे खाणार, दमून घरी आलेल्या माणसाने हे कधी पाठ करायचं? माणुसकी वागण्यात दिसते, त्याला भाषाच कशाला हवी.

सेबूत_सध्या:
माझा आक्षेप वेगळाच आहे. भाषा शिका, जरूर शिका, पण कुठली? १९३७ मध्ये अध्यक्ष केसॉननी टागालॉगला राष्ट्रभाषेचा पाया ठरवलं, ते स्वतः टागालॉगभाषक. १९५९ पासून तिला पिलिपिनो म्हणायला लागले, पुढे पिलिपिनोचं फिलिपिनो झालं. घटनेत लिहिलंय की देशातल्या इतर भाषांतूनही ती समृद्ध व्हावी, प्रत्यक्षात मात्र बहुतेक टागालॉगच. इथे सेबू बेटावर लोक बिसाया बोलतात. जीपनी थांबवायला 'लुगार लांग' म्हणतात, 'पारा पो' नाही. बिसायात 'पो'च नाही, म्हणून माझ्या घरमालकीणबाई उद्धट झाल्या का? त्या 'पालिहुग', म्हणजे 'कृपया', म्हणतात, इतकं मऊ की समोरचा लगेच उठून काम करतो. एक भाषा शिकलात की देश कळला असं समजू नका, इथे शंभरावर भाषा आहेत.

क्वेझॉनसिटीकर:
@सेबूत_सध्या, मान्य. सेबूत बिसायाच शिकावी, माझं म्हणणं त्या गावच्या भाषेबद्दल होतं, ते मी नीट लिहायला हवं होतं.
@दुबई_वॉर्ड, वॉर्डातलं काम इंग्रजीत चालतं यात वाद नाही. पण डबा उघडल्यावर तुमच्या सहकारी 'काइन तायो' म्हणतातच ना? ते आपलं 'या जेवायला'. आणि त्यातला 'तायो' म्हणजे आपला 'आपण', ऐकणाराही त्यात आला. ऐकणाऱ्याला सोडून 'आम्ही' म्हणायचं असेल तर 'कामी' हा वेगळा शब्द आहे. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, हिंदीतही 'हम'च. आपल्याला हा फरक आईच्या दुधाबरोबर मिळालाय, त्यामुळे मराठी माणसाला ही भाषा वाटते तितकी अवघड नाही. गुरुजींना इथे 'गुरो' म्हणतात, चेहऱ्याला 'मुखा', हेही संस्कृतातूनच गेलेलं.

दुबई_वॉर्ड:
'काइन तायो' रोज ऐकतो, हो. त्यात 'आपण' आहे हे माहीत नव्हतं. तरी क्रियापदांचं माझं मत तेच.

सेबूत_सध्या:
इथे मात्र 'काओन ता' म्हणतात. आणि मला वाईट वाटतं ते असं, की बालवाडीपासून तिसरीपर्यंत मुलांना मातृभाषेतून शिकवायची सक्ती २०२४ च्या कायद्याने काढून टाकली, आता शिकवायचं फिलिपिनो आणि इंग्रजीतून, बिसाया फक्त मदतीला. मालकीणबाईंची नात संध्याकाळी माझ्याकडे गणित घेऊन येते, उदाहरण वाचते टागालॉगमध्ये आणि बोटं मोजते बिसायात.