डग्लसचं आत्मकथन: तुम्हाला काय टोचलं?

प्रश्न: अमेरिकेत गुलाम म्हणून जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लसचं १८४५चं आत्मकथन वाचतेय. फटक्यांपेक्षा त्याला स्वतःची जन्मतारीखच ठाऊक नसणं मला जास्त लागलं. तुम्हाला?

उत्तर: जेवण. मक्याच्या भरडीची लापशी लाकडी डोणीत ओतून जमिनीवर ठेवायची नि पोरं डुकरांसारखी तुटून पडायची. कुणी शिंपल्याने, कुणी नुसत्या हाताने. आमच्या गोठ्यातही डोणी होती. तिथेच पुस्तक मिटलं.

उत्तर: मालक मेल्यावरची मोजदाद! घोडे, मेंढ्या, डुकरं, माणसं एकाच रांगेत. हा दहा-अकरा वर्षांचा. किंमत ठरवायला त्याला खास बाल्टिमोरहून बोलावलेलं.

प्रश्नकर्ती: बाप रे, तिथवर पोचले नाही अजून. थंडीने फुटलेल्या पायांवर अडलेय. म्हणतो, हातातलं हे पेन त्या भेगांत मावेल.